शिवणयंत्रावरील भरतकाम : रिंग बसविण्याची विद्या

शिवणयंत्रावर भरतकाम करावयाचे म्हणजे यंत्र चालविता आले की झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. हाताने आठ दिवस भरावी लागणारी वेल यंत्रावर एका दुपारी भरून होते. मग त्यात निराळे शिकण्यासारखे ते काय, असेही कोणी विचारतात. परंतु घरोघरचे भरलेले टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे आणि झबली पाहिली, तर काही कामे अनेक धुण्यांनंतरही सपाट व नेटकी राहतात आणि काही पहिल्याच धुण्यात आक्रसून चुण्यांनी भरतात, असे दिसून येते. यंत्र तेच, दोरा तोच, हातही बहुधा तितकेच सफाईचे. मग भेद पडतो तो कोठे? सुई चालू होण्यापूर्वी, कापड रिंगेत बसवितानाच, तो बहुतेक वेळा पडून जातो. तो का पडतो आणि टाळावा कसा, हे या लेखात क्रमाने सांगण्याचा आमचा विचार आहे.

सुई स्थिर, कापड फिरते

हाताच्या भरतकामात कापड स्थिर असते आणि सुई फिरते. यंत्रावर नेमके उलट घडते. सुई एकाच जागी वरखाली होते आणि कापड तिच्याखाली फिरवावे लागते. म्हणजे येथे चित्र काढणारी लेखणी सुई नव्हे. जणू लेखणी धरून ठेवावी आणि कागद हलवून अक्षरे काढावी, तशातला हा प्रकार आहे.

ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील म्यूलूझ येथे जोसुए हाइलमान याने १८२८ च्या सुमारास भरतकामाचे यंत्र तयार केले. त्यात कापड उभ्या चौकटीवर ताणून बसविलेले असे आणि नक्षीबरहुकूम ती चौकटच हलविली जाई. एलियास हौ याने १८४६ साली अमेरिकेत दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगर याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये इझाक ग्रोब्ली याने १८६३ मध्ये दोन दोऱ्यांच्या टाक्याचा उपयोग करून भरतकामाचे मोठे यंत्र उभारले. त्यातील धोटा लहान नावेच्या आकाराचा असल्यामुळे त्यास तिकडील बोलीत नावेच्याच अर्थाचे 'शिफली' हे नाव पडले. ही यंत्रे आकाराने अवाढव्य आणि आपल्या घरातील पायाचे यंत्र त्यांपुढे अगदी लहान. तथापि तत्त्व एकच. कापड ज्यात धरले आहे ती चौकट जशी हलेल, तशी नक्षी उमटेल.

गणिताने ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. समजा, सुई मिनिटाला ३०० टाके घालीत आहे, म्हणजे सेकंदाला ५ टाके. प्रत्येक टाका २ मिलिमीटर लांबीचा हवा असेल, तर रिंग सेकंदाला १० मिलिमीटर, म्हणजे १ सेंटिमीटर सरकली पाहिजे. पायाची गती तीच ठेवून हात मंदावला व रिंग सेकंदाला २.५ मिलिमीटरच सरकली, तर टाका अर्ध्या मिलिमीटरचा होईल आणि दोरा एका जागी साचेल. पाय आणि हात यांचा मेळ म्हणतात तो हाच. परंतु हा मेळ साधूनही रिंगेतील कापड जर रिंगेबरोबर न हलता आतल्या आत सरकत असेल, तर हाताचे कौशल्य व्यर्थ जाते.

साहित्य

यंत्रकामाची रिंग हाताच्या कामाच्या रिंगेहून पातळ असावी. सुई वर करून रिंग तिच्याखालून सहज जावी, इतकीच तिची जाडी असावी. लाकडी, स्क्रूची, सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाची रिंग घरकामास सोयीची पडते. फार मोठ्या रिंगेत मधला भाग सैल राहतो आणि रिंग यंत्राच्या खांबाला अडते. आतल्या कड्याला सुती फीत किंवा जुन्या मलमलीची दोन बोटे रुंदीची पट्टी तिरपी गुंडाळून, शेवट टाक्यांनी पक्का करावा. या एका पट्टीने दोन कामे साधतात : गुळगुळीत कापड घसरत नाही आणि कापडावर रिंगेचा वण कमी उठतो.

सुई कापडाप्रमाणे निवडावी. मलमल, वायल यांस ९ क्रमांकाची, पॉपलिन व केंब्रिक यांस ११ क्रमांकाची, जाड कापडास १४ क्रमांकाची सुई योग्य ठरते. बोथट सुई कापडाला भोके पाडते आणि दोरा तोडते. म्हणून ती वेळीच बदलावी. दोऱ्यांपैकी रेयॉनला चकाकी अधिक, पॉलिएस्टर धुण्याला व उन्हाला टिकाऊ आणि सुती दोरा सौम्य दिसणारा असतो. बॉबीनमध्ये मात्र नेहमी बारीक दोरा भरावा, म्हणजे कामाच्या मागच्या बाजूस जाडी येत नाही. यांखेरीज टोकदार लहान कात्री, खडू, पट्टी, बकरम आणि यंत्र साफ करण्याचा लहान ब्रश एवढे साहित्य पुरे.

कापडाची ओळख

रिंग हातात घेण्यापूर्वी कापड ओळखले पाहिजे. विणलेल्या कापडात उभे व आडवे धागे असतात. या दोन्ही दिशांना कापड फारसे ताणले जात नाही. परंतु तिरपे, म्हणजे उरेब धरून ओढले, तर ते सहज लांबते, कारण धागे तुटत नाहीत, फक्त त्यांमधील काटकोन मोडतो. चौकोनी जाळीचे दोन समोरासमोरचे कोपरे धरून ओढल्यास ती जशी निमुळती होते, तसेच हे आहे.

बेळगाव–धारवाडकडील घरांत कसुतीचे काम ज्यांनी पाहिले असेल, त्यांना धाग्यांचे हे महत्त्व निराळे सांगावयास नको. कसुतीत नक्षी छापून घेत नाहीत. कापडाचे धागे मोजून टाका घालतात. गवंती व मुरगी या प्रकारांत तर काम दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. यंत्राला ते साधणार नाही, कारण यंत्राच्या टाक्याला वरचा आणि खालचा असे दोन निराळे दोरे लागतात. परंतु कसुती करणाऱ्या स्त्रीची धाग्यांची वाट ओळखणारी नजर यंत्रावर बसणाऱ्यालाही हवी.

नवे सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. ते पहिल्या धुण्यात आटते, पॉलिएस्टरचा दोरा मात्र आटत नाही. मग दोऱ्याभोवतीचे कापड आक्रसून चुण्या पडतात. दुसरा नियम असा की, आधी भरत आणि मग कातर. बाही किंवा खिसा बेतून झाल्यावर भरावयास घेऊ नये. अखंड कापडावर खडूने आकार आखावा, त्यात भरतकाम करावे आणि नंतर कापावे. भरतकामाने कापड थोडे तरी आत ओढले जातेच. आधी कापलेली बाही त्यामुळे तोकडी पडते.

नक्षी उतरविण्याची आपल्याकडील जुनी रीत आजही उत्तम आहे. ट्रेसिंग कागदावर नक्षी काढून तिच्या रेषांवर सुईने बारीक टोचे मारावे, कागद कापडावर ठेवावा आणि रॉकेलमध्ये कालविलेली नीळ बोळ्याने हलकेच फिरवावी. तोच कागद अनेक वेळा कामास येतो. मात्र बोळा फार ओला असू नये आणि हे काम दिव्याजवळ किंवा चुलीजवळ कधीही करू नये.

रिंग बसविण्याची रीत

हाताच्या कामात आतले कडे खाली ठेवून त्यावर कापड पसरतात आणि वरून बाहेरचे कडे दाबतात. यंत्राच्या कामात याच्या उलट करावे. बाहेरचे कडे सपाट टेबलावर ठेवावे, त्यावर कापड सुलट बाजू वर करून पसरावे आणि आतले कडे वरून आत दाबावे. असे केल्याने कापड रिंगेच्या तळाशी येते आणि यंत्राच्या पाटावर टेकून सरकते. हाताच्या रीतीने बसविलेले कापड पाटापासून वर राहील आणि टाका नीट पडणार नाही.

याची क्रमवार कृती अशी :

१. कापडावर नक्षीच्या मध्यातून उभ्या व आडव्या धाग्यांना धरून खडूच्या दोन रेषा काढाव्या. त्यांची फुली रिंगेच्या बरोबर मध्यावर यावी.

२. स्क्रू इतका सैल करावा की आतले कडे थोड्या जोरानेच आत जाईल. फार घट्ट रिंगेत बळाने कडे दाबल्यास कापड विस्कटते.

३. कडे आत गेल्यावर स्क्रू अर्धा आवळावा. कापडावरील सैलपणा उभ्या व आडव्या धाग्यांच्या दिशेने, समोरासमोरच्या चार बाजूंनी हलक्या हाताने काढावा. कोपऱ्यातून, म्हणजे उरेब दिशेने, कधीही ओढू नये.

४. खडूच्या रेषा सरळ व परस्परांशी काटकोनात आहेत हे पाहावे. मग स्क्रू पूर्ण आवळावा. आवळल्यानंतर कापडाला पुन्हा हात लावू नये.

५. आतले कडे खालच्या बाजूस अगदी किंचित पुढे आलेले असावे, म्हणजे कापड पाटाला नीट टेकते.

कापड ढोलकीच्या पानासारखे ताणावे, असे सांगण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा आहे. सैल कापड सुईबरोबर वर उचलले जाते, खाली दोऱ्याचा फास नीट तयार होत नाही आणि टाके सुटतात. म्हणून कापडात झोळ नसावा, हे बरोबर. परंतु झोळ नसणे निराळे आणि कापड लांबविणे निराळे. लांबविलेल्या कापडावर टाके घातले की ते त्याच ताणलेल्या स्थितीत बांधले जाते. रिंग काढल्यावर भोवतालचे कापड मूळ मापावर परत येते, टाक्यांखालचे येऊ शकत नाही, आणि दोहोंच्या भांडणात चुण्या पडतात. इस्त्रीने त्या काही वेळ दबतात; धुतल्यावर पुन्हा उठतात.

हे ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे. रिंग बसविण्यापूर्वी कापडावर खडूने ८ सेंटिमीटर बाजूचा चौरस आखावा आणि त्याचे दोन्ही कर्णही मोजावे. रिंग आवळल्यावर पुन्हा मापे घ्यावी. बाजू ८ सेंटिमीटरच्या राहिल्या आणि कर्ण परस्परांशी समान राहिले, तर कापड बरोबर बसले. बाजू वाढल्या असतील, तर कापड लांबले आहे. बाजू तेवढ्याच असून एक कर्ण दुसऱ्याहून मोठा झाला असेल, तर ते उरेब ओढले गेले आहे. दोन्ही प्रसंगी रिंग सोडून पुन्हा बसवावी. दोन मिनिटांचा हा कंटाळा पुढील दोन तासांचे काम वाचवितो.

मागचा आधार

पातळ कापड एकट्याने दाट टाके सहन करीत नाही. त्याच्या मागे बकरम किंवा न विणलेल्या तंतूंचा कागदासारखा आधार ठेवावा लागतो. त्याचे मुख्य प्रकार तीन : काम झाल्यावर फाडून काढावयाचा, कात्रीने कडेने कापून बाकीचा तसाच ठेवावयाचा, आणि पाण्यात विरघळणारा. घट्ट विणीच्या सुती कापडास पहिला पुरतो. बनियनसारख्या ताणणाऱ्या कापडास दुसराच हवा, कारण असे कापड पुढेही ताणले जाणार आणि त्याला कायमचा आधार लागणार. पारदर्शक कापडास तिसरा बरा. आधार कापडाबरोबर रिंगेतच धरला जावा. खाली नुसता सरकवलेला आधार फारसा उपयोगी पडत नाही.

मखमल किंवा रेशीम यांवर रिंगेचा वण राहतो आणि खिसा, कॉलर, रुमालाचा कोपरा या वस्तू रिंगेत मावतच नाहीत. अशा वेळी फक्त आधाराचे कापड रिंगेत बसवावे, मुख्य वस्तू त्यावर सपाट ठेवावी आणि नक्षीच्या बाहेरून धावदोऱ्याने पक्की टाचून घ्यावी. काम झाल्यावर धावदोरा उसवून टाकता येतो.

यंत्र चालविताना

कापड पुढे सारणारे दाते खाली करावे. ज्या यंत्रात ते खाली जात नाहीत, त्यात दात्यांवर झाकणपट्टी बसवावी. नेहमीचा पाय काढून रफूचा पाय लावणे नवशिक्यांस हितकारक आहे, कारण त्यामुळे बोट सुईखाली जाण्याचे भय कमी होते. पाय लावलेला असो वा नसो, पायाचा दांडा मात्र खाली पाडलाच पाहिजे. तो वर राहिला तर वरच्या दोऱ्यास ताण मिळत नाही आणि कापडाखाली गुंत्याचे घरटे तयार होते.

वरचा ताण शिवणीपेक्षा थोडा सैल ठेवावा. काम उलटून पाहावे : भरीव पट्टीच्या मागे मधल्या एक तृतीयांश भागात बॉबीनचा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा रंगीत दोरा दिसत असेल, तर ताण बरोबर आहे. आरंभी खालचा दोरा वर ओढून घ्यावा, जागच्या जागी दोन-तीन टाके घालावे आणि मगच शेपट्या कापाव्या. हात रिंगेच्या कडेवर असावे, तिच्या आत नव्हे. सुईत दोरा ओवताना पाय पायट्यावरून काढून घ्यावा. ओढणी, पदर आणि मोकळे केस चाकापासून दूर ठेवावे.

वर्तुळ लांबट का होते?

वर्तुळ आखले होते गोल, भरून झाले लांबट, ही तक्रार नेहमीची आहे. प्रत्येक टाका आपल्या दोन टोकांमधील कापड जवळ ओढतो. सर्व टाके आडवे असतील, तर आकृती आडवी आखडते आणि टाक्यांवर टाके रेटले गेल्याने उभ्या दिशेस किंचित पसरते. म्हणून आडव्या टाक्यांच्या आकृतीची रुंदी रेषेच्या किंचित बाहेरपर्यंत भरावी, आणि दाट भरण्यापूर्वी खाली विरळ टाक्यांचा एक थर विरुद्ध दिशेने घालावा. तो थर कापड आणि आधार यांना एकत्र बांधतो.

इतर दोषांची कारणेही बहुधा रिंगेपर्यंत पोचतात. भरलेला भाग व त्याची बाह्यरेषा यांत फट पडली, तर कापड रिंगेत सरकले असे समजावे. टाके सुटत असतील, तर झोळ तपासावा आणि मग सुई. खाली गुंता झाला, तर मात्र रिंगेचा दोष नव्हे; पायाचा दांडा व ओवणी पाहावी.

नवी यंत्रे आणि जुना नियम

१९९० च्या सुमारास संगणकावर चालणारी भरतकामाची यंत्रे घरगुती वापरासाठी मिळू लागली. त्यांत १० सेंटिमीटर लांबी-रुंदीची किंवा १३ गुणिले १८ सेंटिमीटरची चौकट यंत्राच्या भुजेत अडकवितात आणि यंत्र स्वतःच ती हलवून नक्षी भरते. टाक्याची लांबी, दिशा, दाटपणा हे सारे आधीच ठरविलेले असते. जाड कापडासाठी लोहचुंबकाच्या चौकटीही मिळतात. त्या झटकन मिटतात, म्हणून बोटे सांभाळावी लागतात. आता हाताला रिंग फिरवावी लागत नाही. परंतु ज्यांना वाटते की रिंगेची विद्याही आता नको, त्यांनी असे यंत्र चालताना पाहावे. पायाच्या यंत्रावर कापड सरकू लागले, तर डोळा ते पाहतो आणि हात थांबतो. संगणकाचे यंत्र वेडेवाकडे बसविलेले कापडही त्याच आज्ञाधारकपणे भरून टाकते. बाकीचे काम यंत्राने घेतले. कापड बसविण्याचे मात्र माणसाकडेच राहिले.

करून पाहण्याचा प्रयोग

शिवणवर्गातील विद्यार्थ्यांनी पुढील प्रयोग अवश्य करावा. एकाच पॉपलिनचे, भिजवून वाळविलेले तीन तुकडे घ्यावे. प्रत्येकावर ५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखावे. पहिला तुकडा रिंगेत सैल, दुसरा उरेब ओढून ताणलेला आणि तिसरा वर सांगितलेल्या रीतीने बसवावा. तिन्ही वर्तुळे एकाच दोऱ्याने, आडव्या टाक्यांनी भरावी. रिंग काढून प्रत्येक वर्तुळाचा उभा व आडवा व्यास मोजून वहीत लिहावा. मग तुकडे धुऊन, वाळवून पुन्हा मोजावे. तिन्ही तुकडे मापांसह वहीत चिकटविले, तर तो एक धडा कायमचा जवळ राहील.

ही खटपट कशासाठी, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर व्यवहाराचे आहे. आपल्यापैकी कित्येक घरांत शिवणयंत्र ही हौसेची वस्तू नसून संसाराला हातभार लावणारी वस्तू आहे. शेजारीण विश्वासाने ब्लाउजचे कापड आणून देते. ते साडीबरोबरचे असेल, तर तसे दुसरे बाजारात मिळत नाही. दाट भरलेले टाके उसवावे म्हटले, तर पातळ कापडावर भोके राहतात. अशा कामात मजुरी जाते, कापडाची भरपाई द्यावी लागते आणि पुढचे काम येत नाही. म्हणून त्याच कापडाच्या कडेच्या कातरणावर आधी नमुना भरून पाहावा, कातरण नसेल तर तशाच पोताच्या दुसऱ्या तुकड्यावर पाहावा, आणि मगच मूळ कापडाला सुई लावावी.

यंत्राची किंमत पुष्कळ, रिंग त्यामानाने स्वस्त. त्यामुळे शिकणाऱ्याचे सारे लक्ष यंत्राकडे जाते. आमचे सांगणे इतकेच की, यंत्रावर बसण्यापूर्वी आठ दिवस नुसती रिंग बसवावी आणि सोडावी. मलमल, पॉपलिन, रेशीम, बनियन यांपैकी प्रत्येकाचा स्वभाव बोटांना कळू द्यावा. बोटांना तो एकदा कळला की घरातले जुने काळे यंत्रही सुरेख काम देते.